डॉ. इरावतीबाई कर्वे आणि आपली जात
(संघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने एखाद्या थोर व्यक्तीच्या चरित्रावर बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. आम्ही संत गोरोबाकाकांविषयी बोलू अशीच आपली अपेक्षा असणार. परंतु आज आम्ही मानवशास्त्रज्ञ डॉ. इरावतीबाई कर्वे यांची निवड केली आहे. बाई कुंभार नव्हत्या, चित्पावन ब्राह्मण होत्या. तथापि आपल्या चाकासंबंधी त्यांनी जे लिहून ठेवले आहे, ते या संघाच्या एका जुन्या वादाला इतके लागू पडते की, ते आपल्या कानांवर न घालणे आम्हांस कर्तव्यच्युती वाटली असती.

बाईंचा जन्म 15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशात मिंजान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे नोकरीस होते. त्या देशाच्या महानदीवरूनच मुलीचे नाव इरावती ठेवले. सातव्या वर्षी तिला पुण्यास हुजूरपागेत शिकावयास धाडले आणि पुढे रँग्लर परांजपे यांच्या कुटुंबात ती वाढली. फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन पदवी, नंतर मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र. तेथे 1928 साली त्यांनी जो प्रबंध लिहिला तो चित्पावनांवर. म्हणजे जातीची चिकित्सा त्यांनी आपल्या घरापासून आरंभिली, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दिनकरराव रसायनशास्त्राचे अध्यापक. पत्नीने जर्मनीस जाऊन शिकावे यासाठी ते तिच्या पाठीशी उभे राहिले. आश्चर्य हे की स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचणाऱ्या सासऱ्यांना ते तितकेसे पसंत नव्हते.

बर्लिनमध्ये त्यांचे गुरू होते ऑयगेन फिशर, ज्यांच्या वंशविषयक मतांचा पुढे नाझींनी पुरेपूर उपयोग केला. युरोपीय माणसाची कवटी दोन्ही अंगांनी विषम असते, उजवीकडे मेंदू अधिक वाढलेला असतो, आणि तेच त्याच्या श्रेष्ठ बुद्धीचे गमक होय, असा फिशर यांचा तर्क होता. तो सिद्ध करण्याचे काम त्यांनी या पंचविशीतल्या हिंदी विद्यार्थिनीकडे सोपविले. बाईंनी 149 कवट्या मोजल्या. वंशाचा आणि कवटीच्या विषमतेचा काहीएक संबंध आढळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला आणि तो त्यांनी जसाच्या तसा लिहून दिला. गुरूने गुण अगदी खालचे दिले, पण पदवी रोखता आली नाही. परक्या देशात, ज्याच्या सहीवर आपले भवितव्य अवलंबून त्याच्याच मताविरुद्ध आकडे मांडावयाचे, याला किती धैर्य लागते हे आम्हां शिक्षकांना कळते. तपासनीस वर्गात येणार म्हटले की आमचा आवाज बदलत असे!

स्वदेशी परतल्यावर काही वर्षे त्या महिला विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. 1939 साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेल्या आणि 11 ऑगस्ट 1970 रोजी निधन होईपर्यंत तेथेच राहिल्या. मापाची साधने घेऊन त्या गावोगाव हिंडल्या. लोकांची डोकी आणि नाके मोजली, रक्तगट पाहिले, ओव्या आणि नात्यांचे शब्द टिपून घेतले. डोकी मोजण्याची ही विद्या फिशर यांच्याच शाळेतली होती आणि ती त्यांनी अखेरपर्यंत टाकली नाही, हे आम्हांस थोडे खटकते. मात्र त्या मोजणीतून कोण उच्च आणि कोण नीच हे त्यांनी कधी शोधले नाही. कोण कोणाचा सोयरा, एवढेच त्या शोधीत होत्या.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. एका मूळ जातीतून फुटून पोटजाती निर्माण झाल्या, असे सर्वसाधारण मत होते आणि स्वतः डॉ. घुर्ये यांचाही कल तिकडेच होता. बाईंनी गुरूचे हेही मत मानले नाही. ज्या गटात मुली दिल्याघेतल्या जातात तो गट हीच खरी जात. ती म्हणजे पसरलेले एक मोठे कुटुंब होय. असे निरनिराळे गट निरनिराळ्या ठिकाणांहून येऊन शेजारी नांदू लागले, आणि धंदा एक म्हणून नाव एक पडले. ‘हिंदू सोसायटी’ या 1961 च्या ग्रंथात त्यांनी याचे उदाहरण दिले आहे ते आपले, महाराष्ट्रातील कुंभारांचे. थोरचाके आणि लहानचाके! चाक निराळे, कामाची रीत निराळी, सोयरीक निराळी. लोकांनी मात्र दोघांनाही कुंभार म्हटले. कोणी म्हणेल, हा ब्राह्मण विदुषीने आपल्याला लावलेला न्याय आहे. तसे नाही. 1968 साली त्यांनी आणि मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील ब्राह्मणांच्या आठ गटांची तुलना प्रसिद्ध केली आणि तेथेही शरीरलक्षणांनी हे गट भिन्न असल्याचे दाखविले.

आपल्या भाषेत सांगावयाचे तर, एक रांजण फुटून त्याच्या या खापऱ्या झाल्या असे नाही. निरनिराळ्या घरांची मडकी एका आव्यात भाजली गेली आहेत. हे खरे मानले तर आपल्यातील तो वाद, मूळचे कोण आणि फुटून निघालेले कोण, असल कोण आणि कमअसल कोण, उभा कशावर राहतो? मूळ रांजणच नव्हता, तर त्याचा काठ आपल्याकडे आहे असे कोणी म्हणावयाचे? या प्रश्नापायी ठरत आलेल्या सोयरिकी मोडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. मुली सुशिक्षित, मुले निर्व्यसनी, आणि आडवे काय आले, तर पणजोबांच्या चाकाचा घेर! त्या घरांत आज चाक तरी आहे काय?

नात्यागोत्याविषयीचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ 1953 चा. उत्तरेकडे मुलगी परक्या गावी, परक्या माणसांत जाते. दक्षिणेत ती बहुधा नात्यातच राहते, कित्येक जातींत तर सख्खा मामाच भाचीला वरतो. आपण दोहोंच्या मधले. मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. हा आपला घरगुती नियम आम्ही जन्मभर पाळला, पण त्यामागे भारताचा केवढा नकाशा आहे हे बाईंचे वाचूनच उमगले.

त्यांचे मराठी लेखन याहून सुगम आहे. ‘परिपूर्ती’तील लेख भगिनींनी अवश्य वाचावा. सभेत त्यांची ओळख सासऱ्यांच्या आणि पतीच्या नावाने करून दिली गेली, तरी काही उणे राहिले असे त्यांना वाटत होते. ते उणे रस्त्यावरच्या पोरांनी ‘कर्व्याची आई’ म्हणून भरून काढले. साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळालेला ‘युगान्त’ तर घरोघर असावा. त्यात महाभारतातील माणसे देव्हाऱ्यातून उतरून माणसांसारखी वागतात, आणि खांडववन जाळणाऱ्या कृष्णार्जुनांनाही बाई जाब विचारतात.

आपल्या गोरोबाकाकांच्या पंढरीची वाटही त्या वारकऱ्यांबरोबर चालल्या. एकाच दिंडीत ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी, अभंग मात्र एकच, हे पाहून त्यांना वाईट वाटले आणि ते त्यांनी लिहिले.

कार्यकारी मंडळास आमची एक विनंती आहे. येत्या वर्षीच्या वधूवर सूचीतून पोटजातीचा रकाना काढून टाकावा. तो रकाना मोकळा सुटेल, तेथे प्रत्येक कुटुंबाने आपल्या आजीकडून विचारून लिहावे की आपल्याकडे चाक कोणते होते, आवा कसा रचीत आणि मामीला, आत्याला, नणंदेला कोणत्या नावाने हाक मारीत. आजीबाई आहेत तोवर हे काम होईल. बाईंनी त्यासाठी सारा देश पायाखाली घातला. आपल्याला माजघरापर्यंतच जावयाचे आहे.