दोन रुपयांचा निर्माता



1976 साली गुजरातच्या खेड्यांतून ट्रक भरभरून माणसे एक सिनेमा पाहायला निघाली. डेअरीत दूध घालणारी शेतकरी कुटुंबे ती. सिनेमाचे नाव ‘मंथन’. पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो उभा केला होता, त्यामुळे प्रेक्षागृहात बसलेली मंडळी आपलाच सिनेमा पाहत होती. दिग्दर्शन श्याम बेनेगल यांचे, पटकथा विजय तेंडुलकरांची आणि पाठबळ गुजरातेत दुधाची सहकारी चळवळ उभी करणाऱ्या डॉ. वर्गीस कुरियन यांचे.

कुरियन हे हाडाचे इंजिनिअर. म्हशीच्या दुधाची भुकटी होणारच नाही असे परदेशी तज्ज्ञ सांगत असताना त्यांचे सहकारी एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली आणि 1955 मध्ये आणंदला कारखानाही सुरू झाला. भुकटी हातात घेऊन पाहता येते. दुधाच्या सहकारी सोसायटीचे तसे नव्हते. ओळखीच्या व्यापाऱ्याला सोडायचे, फॅट मोजून भाव घ्यायचा, सगळ्या जातींच्या लोकांनी एकाच रांगेत कासंड्या घेऊन उभे राहायचे, ही त्या काळच्या खेड्याला भुकटीहून कितीतरी अवघड वाटणारी नवलाई होती. ती पटवायला गोष्टच हवी होती.

आणि तेंडुलकरांनी ती गुळगुळीत केली नाही, हे फार मोलाचे. सोसायटीच्या निवडणुकीत सरपंच पडतो आणि सुडाने पेटतो. सोसायटी उभारायला शहरातून आलेल्या पथकातलाच एक जण गावातल्या मुलीच्या भानगडीत अडकतो. गिरीश कर्नाडांनी उभे केलेले पथकप्रमुख डॉ. राव काम अर्धवट टाकून, बदली होऊन गावातून निघून जातात. मागे सोसायटी सावरायला उरतो तो गावातलाच भोला, नसीरुद्दीन शाह यांचा, सुरुवातीला या साहेबांवर काडीचा विश्वास नसलेला. एखाद्या कंपनीच्या जाहिरात विभागाने ही पाने पहिल्याच बैठकीत काढून टाकली असती. पण गावकऱ्याला नेमकी याच पानांत आपली ओळख पटली असणार: हेवेदावे त्याचेच, भीतीही त्याचीच, आणि शेवटी काम पुढे नेणारा माणूसही त्याच्यासारखाच.

कुरियन तेवढ्यावर थांबले नाहीत. सिनेमाच्या 16 मिलिमीटरच्या प्रती इतर राज्यांतल्या खेड्यांत गेल्या आणि त्यांच्यामागोमाग पशुवैद्य, दुग्धतंत्रज्ञ आणि चाऱ्याचा जाणकार असे पथकही गेले. पडद्यावर पाहिलेले आपल्या गोठ्यात ताडून पाहण्याची सोय गावाला मिळाली.

याउलट अमेरिकेत थेरानोस कंपनीने अशी ताडून पाहण्याची सोय कुणालाच दिली नाही. एलिझाबेथ होम्सने 2003 मध्ये वयाच्या 19 व्या वर्षी ती काढली. बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तात असंख्य तपासण्या, ही तिची गोष्ट इतकी मोहक होती की कंपनीची किंमत 9 अब्ज डॉलरवर गेली. रक्त तपासणाऱ्या तिच्या यंत्राचे बिंग 2015 मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने फोडले आणि 2022 मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल न्यायालयाने तिला दोषी ठरवले.

आज पदवी घेणाऱ्यांपैकी अनेक जण लवकरच बँकेच्या अधिकाऱ्यासमोर किंवा ग्रामसभेत आपली नवी कल्पना मांडतील. तिथे जाण्याआधी त्यांनी ‘मंथन’ जरूर पाहावा. 2024 च्या मे महिन्यात त्याची नव्याने दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली. निर्माते म्हणून तिच्यावर आजही नाव आहे ते गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांचे.