कांदळाच्या सावलीत
(शाळेच्या निसर्ग मंडळात केलेले भाषण)



येत्या शनिवारी आपण रिव्हिएर न्वार नदीच्या मुखाशी जाणार आहोत. तेथे आपण कयाक चालवू. कयाक म्हणजे लांबट, निमुळती, हलकी होडी. हातात एकच वल्हे. त्याच्या दोन्ही टोकांना पाती असतात. आपल्या कयाकला इंजिन नसेल, म्हणून ती पाण्यावरून गुपचूप सरकेल.

आपण सकाळी लवकर निघू. तेव्हा वारा कमी असतो आणि पाणी शांत असते. पूर्वेला उंच डोंगर आहेत, म्हणून ऊन तेथे जरा उशिराच उतरते. नदी त्याच डोंगरांतून येते. तेथील जंगल १९९४ साली राष्ट्रीय उद्यान झाले.

काठावर तुम्हांला चिखलात उभी असलेली झाडे दिसतील. त्यांची मुळे कमानीसारखी वाकून पाण्यात उतरतात. हे कांदळ! आपले पणजोबा-खापरपणजोबा ज्या कोकणातून आले, तेथील खाड्यांतही हेच झाड वाढते. त्याचे बी झाडावरच रुजते. शेंगेसारखी लांब रोपे फांद्यांना लोंबतात आणि मग चिखलात पडून वाढू लागतात. मुळांच्या जाळीत लहान मासे व खेकडे लपतात. मोठ्या लाटांचा जोर हीच मुळे कमी करतात. पूर्वी लोकांनी जळणासाठी पुष्कळ कांदळ तोडले. आता ते तोडण्यास कायद्याने बंदी आहे.

मुळावर एखादा राखी-हिरवट बगळा दिसेल. त्याला आपण 'गास' म्हणतो. मासा जवळ येईपर्यंत तो जराही हलत नाही. चिखलात लांब, वाकड्या चोचीने खेकडे शोधणारा पक्षी म्हणजे 'कोर्बिजो'. हा आपला दूरचा पाहुणा आहे. उत्तरेकडील थंड प्रदेशातून हजारो किलोमीटर उडत तो येथे येतो. परत जाण्यापूर्वी त्याला भरपूर खावे लागते. त्या अन्नाच्या बळावरच तो एवढा मोठा समुद्र ओलांडतो.

आता नीट ऐका. आपण फार जवळ गेलो, तर कोर्बिजो घाबरून उडेल. त्याचे खाणे राहील आणि साठवलेली शक्तीही वाया जाईल. एका होडीमुळे एकदा उडाला, तर फारसे बिघडत नाही. पण दिवसभर होड्या येत राहिल्या, तर त्याने खावे कधी?

मग जवळ गेलो हे कसे ओळखायचे? पक्षी खाणे थांबवून मान वर करतो आणि आपल्याकडे पाहतो. तसे दिसताच वल्हे थांबवा आणि हळूच मागे सरका.

प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालायचे. मोठ्यांच्या होडीपुढे जायचे नाही. कांदळाची रोपे तोडायची नाहीत, खेकडे धरायचे नाहीत आणि कचरा पाण्यात टाकायचा नाही.

आपण निघून आल्यावरही कोर्बिजो तेथेच निवांत खात असला, तर आपली सहल चांगली झाली असे मी म्हणेन.