पाण्याखालच्या आगीची नोंद



लाखांदूर तालुक्यातली दिघोरी समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. पाणी म्हटलं की इथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे धानाच्या बांध्या येतात, बोड्या आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव येतात, चुलबंद नदी येते. पण साकोली-लाखांदूरच्या या भागात विहीर खणताना कधी पाटीसारखा पदरापदरानं सुटणारा दगड लागतो, तर कधी हिरवट, जड, पहारीला दाद न देणारा. भूशास्त्रज्ञ या खडकांना साकोली समूह म्हणतात. पदरांचा दगड म्हणजे फार जुन्या जलाशयाच्या तळाशी बसलेला गाळ. हिरवट दगड म्हणजे त्या गाळाच्या थरांमध्ये पसरलेला ज्वालामुखीचा लाव्हा. पुढे दोन्ही जमिनीच्या पोटात दबले, तापले आणि आजच्या रूपात आले. नाशिक-पुण्याकडचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा. साकोलीचे खडक शंभर कोटींहून किती तरी जुने.

त्या ज्वालामुखींना नाव नाही. ते किती वेळा जागे झाले, किती दिवस धुमसले, हे सांगणारं कोणी नव्हतं. दगड राहिला, दिनांक गेला.

आज मात्र पाण्यातून उठलेल्या एका ज्वालामुखीच्या उद्रेकाचा दिनांक सांगता येतो. 23 जानेवारी 2017 ची गोष्ट. गोव्यात दोना पावला इथं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिचे शास्त्रज्ञ अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखाली ‘सिंधू संकल्प’ या जहाजातून अंदमानच्या समुद्रात तळाचे नमुने गोळा करत होते. जवळच बॅरन बेट होतं. अचानक त्या बेटाच्या माथ्यावरून राख उसळली. जहाज सुमारे मैलभर अंतरावर नेऊन पथकानं निरीक्षण सुरू केलं. पाच-दहा मिनिटांचे उद्रेक थांबून थांबून होत होते. दिवसा दिसत होती ती फक्त राख. सूर्य मावळला आणि मुखातून उडणारी लाल कारंजी दिसू लागली, उतारावरून वाहणारे तप्त ओहोळ दिसू लागले. तीन दिवसांनी, प्रजासत्ताक दिनी, बी. नागेंद्र नाथ यांच्या नेतृत्वाखालच्या पथकानं पुन्हा तेच दृश्य पाहिलं. आसपासच्या पाण्याचे आणि गाळाचे नमुने घेतले, त्यांत कोळशासारखे काळे ज्वालामुखीचे तुकडे मिळाले.

शिधा, इंधन, माणसं घेऊन गेलेलं जहाज नेमकं त्या दिवशी तिथं असणं हा योग. पण नमुने घेण्याची तयारी, डोळ्यांत तेल घालून केलेलं निरीक्षण, हा योग नव्हे. ती संस्थेनं वर्षानुवर्षं केलेली मशागत आहे.

श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, तिथून ईशान्येला सुमारे 140 किलोमीटरवर हे बेट आहे. पाण्यावर दिसतं ते जेमतेम तीन किलोमीटर रुंद, साडेतीनशे मीटरच्या आसपास उंच. डोंगराचा पाया मात्र दोन हजार मीटरहून खोल समुद्रतळावर टेकलेला. समुद्र क्षणभर बाजूला सारला, तर महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटरचं, त्याच्यापुढे ठेंगणं ठरेल. आपण ज्याला बेट म्हणतो ती या डोंगराची नुसती शेंडी.

बॅरन म्हणजे ओसाड. माणूस तिथं राहत नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सोडलेल्या शेळ्यांचे वंशज तिथं तगून राहिलेले अभ्यासकांनी पाहिले आहेत. राख, तापलेला खडक, भोवती खारं पाणी, आणि त्यात गोड्या पाण्याचा झरा शोधून जगणारी शेळी! दिघोरीतल्या शेळ्या पाळणाऱ्या कोणत्याही माणसाला तिच्या चिवटपणाचं नवल वाटणार नाही, पण अभिमान नक्की वाटेल.

या ज्वालामुखीचा लिखित इतिहास 1787 मध्ये सुरू होतो. जवळून जाणाऱ्या जहाजावरच्या लोकांनी पाहिलं आणि लिहून ठेवलं. 1789 मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअर यांनी त्याला धगधगताना पाहिलं. पोर्ट ब्लेअर हे नाव त्यांच्यावरूनच पडलं होतं. 1803-04 मध्ये पुन्हा उद्रेक झाला. पुढे फार मोठा काळ तो निवांत राहिला. पुष्कळांनी त्याला विझलेला मानलं असतं. 1991 च्या मार्चअखेर तो जागा झाला आणि ऑक्टोबरपर्यंत धुमसला. 1994-95 मध्ये परत. 26 डिसेंबर 2004 च्या सुमात्रा भूकंपानंतर काही महिन्यांनी, मे 2005 मध्ये, पुन्हा. तेव्हापासून तो मधूनमधून पेटतोच आहे. 2025 च्या सप्टेंबरातही त्याच्या उद्रेकाची दृश्यं देशानं पाहिली.

हे होतं कशानं? भारतीय भूपट्ट अंदमानच्या खाली सरकतो आहे. तो आपल्याबरोबर समुद्राचं पाणी खडकांत मुरवून नेतो. खोलवर हे पाणी सुटतं, वरच्या तप्त खडकात शिरतं, आणि त्याच्यामुळे खडक एरवीपेक्षा कमी तापमानाला वितळतो. आग पेटण्यामागे पाणी असावं, ही निसर्गाची विलक्षण करणी आहे.

बॅरनचं डोकं वर आहे म्हणून तो दिसला. त्याचे भाऊबंद पाण्याखालीच आहेत. निकोबार बेटांजवळ माथ्यावर खड्डा असलेला असा एक डोंगर गोव्याच्या याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ध्वनिलहरींनी तळ मोजून नकाशावर आणला. पृथ्वीवरच्या ज्वालामुखींचा सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा समुद्राखालीच बाहेर पडतो, असा अंदाज आहे. दोन हजार मीटर खोलीवर पाण्याचा भार हवेच्या दाबाच्या दोनशेपट असतो. तिथं लाव्हा स्फोटानं उडत नाही. उशांसारखे गोळे होत गपचूप साचत जातो. वर लाटसुद्धा हलत नाही. उथळ पाण्यात मात्र हाच खेळ भयंकर होतो. टोंगा देशाजवळचा हुंगा ज्वालामुखी 15 जानेवारी 2022 रोजी फुटला, त्याचा लोट 57 किलोमीटर उंच गेला, त्सुनामी उठली आणि हवेच्या दाबाची लाट पृथ्वीला वळसा घालून आली.

अमेरिकेच्या ऑरेगन किनाऱ्यापासून सुमारे 480 किलोमीटरवरचा अ‍ॅक्सियल हा पाण्याखालचा डोंगर 1998, 2011 आणि 2015 मध्ये उफाळला. त्याच्या माथ्यावर आता तारेनं जोडलेली उपकरणं आहेत; तळ फुगतो कसा, उद्रेकानंतर बसतो कसा, हे किनाऱ्यावर कळतं. अंदमानच्या समुद्रातही अशी कायमची नजर हवी, हे स्पष्टच म्हणायला हवं. 2004 च्या डिसेंबरातल्या त्सुनामीत आपण काय गमावलं, ते अंदमान-निकोबारच्या घराघरांत ठाऊक आहे.

आणि दिघोरीकरांसाठी एक विनंती. यंदा विहीर किंवा बोडी खणताना हिरवट, जड दगड लागला, तर त्यातला मूठभर तुकडा गिट्टीत न टाकता बाजूला ठेवा. त्यावर शिवाराचं नाव, किती हात खोल लागला ते आणि दिनांक लिहा. गावातल्या शाळेच्या कपाटात तो ठेवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय नागपूरलाच आहे. शिक्षकांनी मुलांना घेऊन एकदा तिथं जावं, आणि तो दगड सोबत न्यावा.