मिलिमीटरचा हिशेब



पावसाळा लागला की सातारा-सांगलीकडच्या घराघरांत तीन नावं रोज कानावर पडतात: कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर. चोवीस तासांत कुठे किती मिलिमीटर पाऊस झाला, धरणात किती टीएमसी पाणी आलं, दरवाजे किती फुटांवर आहेत. कराडपासून सांगलीपर्यंत नदीकाठची माणसं हे आकडे जिवाचा कान करून ऐकतात, कारण त्यांची रात्रीची झोप त्यांवर ठरते. आमच्या कोयनानगरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मिलिमीटर हे माप इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आज त्याच मापातल्या एका अगदी लहान आकड्याबद्दल मला बोलायचं आहे. तो आकडा आहे समुद्राचा.

आयपीसीसी या हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या जागतिक समितीनं 2021 साली आपल्या अहवालात समुद्रपातळीचा हिशेब मांडला. 1901 ते 1971 या काळात जगातली सरासरी समुद्रपातळी वर्षाला 1.3 मिलिमीटरनं वाढत होती. 1971 ते 2006 मध्ये ती वाढ 1.9 झाली आणि 2006 ते 2018 मध्ये 3.7. कुणी म्हणेल, पावणेचार मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढंही नाही. खरं आहे. पण खाडीकाठच्या चिखलात उभ्या असलेल्या कांदळवनाचं जगणं-मरणं एवढ्याशा मापावरच तोललेलं असतं.

आता डोंगरातल्या माणसानं खाडीची काळजी का करावी? कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर उभं राहून पाहा. मागे कोयना धरणाचा शिवसागर जलाशय, पुढे खाली कोकण. कोयना जन्मानं पूर्ववाहिनी. महाबळेश्वरी उगम पावून ती कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि कृष्णेबरोबर थेट आंध्रात, बंगालच्या उपसागराला जाते. पण धरणातलं बरंचसं पाणी आपण डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं. कृष्णा पाणीतंटा लवादानं त्यासाठी वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घालून दिली. पोफळी, कोळकेवाडी अशी वीज देत देत ते पाणी चिपळूणजवळ वाशिष्ठीत उतरतं आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. कृष्णेच्या मुखाशी कांदळवनं आहेत, वाशिष्ठीच्या खाडीतही आहेत. आमच्या एका खोऱ्याचं पाणी दोन समुद्रांकडे जातं, आणि दोन्हीकडे त्याची वाट कांदळवनांजवळून जाते.

ही झाडं वाढत्या समुद्राला कसं तोंड देतात, ते समजून घेण्यासारखं आहे. तिवराची श्वासमुळं चिखलातून वर डोकावतात. कांदळाची आधारमुळं कमानीसारखी पाण्यात उतरतात. चिपी अगदी पाण्याच्या कडेला उभी असते. पांढऱ्या चिपीला 2020 साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. भरतीचं गढूळ पाणी या मुळांच्या गर्दीत शिरलं की त्याचा वेग मोडतो आणि गाळ खाली बसतो. वरून पानं गळतात, चिखलात नवी मुळं वाढतात, जुनी तिथेच जिरतात. अशी जमीन थराथरानं वर येते. समुद्र थोडा चढला, तर भरतीचं पाणी तिथे जास्त वेळ थांबतं. जास्त वेळ थांबलं की गाळही जास्त बसतो. म्हणजे समुद्र पाणी वाढवतो आणि कांदळवन त्याच पाण्याकडून माती घेऊन आपला ओटा उंच करतं.

पण याला मर्यादा आहे. 2020 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हिमयुग सरल्यावर समुद्र वेगानं चढत होता, तेव्हा कांदळवनांचं काय झालं, याचा माग शास्त्रज्ञांनी जगभरातल्या 78 ठिकाणच्या जुन्या थरांतून काढला. निष्कर्ष असा की पातळी वर्षाला सहा-सात मिलिमीटरपेक्षा वेगानं वाढू लागली, तर कांदळवन टिकण्याची शक्यता फार कमी उरते. श्वासमुळांना ओहोटीत उघडी हवा मिळायला हवी. ती पाण्याखालीच राहू लागली की झाडाचा श्वास कोंडतो. 2006 ते 2018 मध्येच वाढ 3.7 होती, आणि हद्द सहा-सातची. हे अंतर फार नाही.

समुद्राबरोबरच्या या शर्यतीत कांदळवनाला दोन गोष्टी हव्यात: गाळ आणि जागा. दोन्ही आपल्या हातात आहेत.

आधी गाळाचं बोलू. धरणाच्या थांबलेल्या पाण्यात गाळ तळाशी बसतो आणि पुढे जातं ते बरंचसं निवळ पाणी. कोयनेच्या टर्बाइनमधून आलेलं पाणी वाशिष्ठीला उन्हाळ्यातही वाहतं ठेवतं. गाळ मात्र तिला पावसाळ्यात आपल्याच डोंगरउतारांवरून आणावा लागतो. कृष्णेवर आणि तिच्या उपनद्यांवर तर आपल्या घाटमाथ्यापासून नागार्जुनसागरापर्यंत धरणांची रांग आहे. 2009 साली जगातल्या 33 त्रिभुज प्रदेशांचा एक अभ्यास झाला. गाळ अडल्यानं आणि जमीन खचल्यानं धोक्यात आलेल्या प्रदेशांत कृष्णेचा त्रिभुज प्रदेशही होता. अमेरिकेत मिसिसिपी नदीचा गाळ बांध आणि धरणांनी मुखाच्या दलदलीत पसरण्याआधीच अडवला. त्यातून आणि इतर कारणांनी लुइझियाना राज्यानं 1930 नंतर सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर दलदलीची जमीन गमावली.

मी धरणाच्या विरोधात बोलत नाही. या धरणानं राज्याला वीज दिली आणि काठच्या शेतीला पाणी दिलं. चिपळूणकरांना गाळ म्हटलं की 22 जुलै 2021 चा महापूर आठवणार, हेही मी जाणतो. शहराच्या पात्रातला गाळ काढायलाच हवा. पण खाली खाडीत बेसुमार वाळू उपसणं वेगळं. तिथला चिखल म्हणजे कांदळवनाच्या पायाखालची जमीन. न्यायालयाच्या आदेशांनी तोडीला आळा बसला, 2012 पासून वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. हे मोलाचं आहे. पण झाड कुऱ्हाडीपासून वाचलं आणि पायाखालचा गाळ संपला, तर ते उभ्या जागी बुडेल.

दुसरी गोष्ट जागा. कांदळवनाला जागच्या जागी उंच होणं जमलं नाही, तर त्याचं बी भरतीबरोबर आत सरकतं आणि वरच्या अंगाला रुजतं. कोकणात मात्र डोंगर खाडीला भिडलेले. मध्ये जी सपाट पट्टी आहे, तिथे पिढ्यान् पिढ्यांची खारी शेती, तिचे मातीचे बांध आणि पाणी सोडायच्या उघाड्या. आता त्यात रस्ते, भराव, घरं यांची भर पडली. समोरून समुद्र, मागून भिंत. मध्ये कांदळवनाचा कोंडमारा. जिथे बांध फुटून शेतं पडीक झाली, तिथे कांदळवन आपणहून आत आलेलं दिसतं. अशा जमिनी त्याला देता येतील. पण त्या कुणाच्या तरी वाडवडिलांच्या आहेत.

इथे मला कोयनेचीच आठवण येते. धरणासाठी गावं उठली. काही कुटुंबं सोलापूरकडे गेली, काही रायगड-ठाण्याकडे. सगळ्यांच्या भल्यासाठी जमीन सोडणं म्हणजे काय, हे कोयनेच्या धरणग्रस्तांना कुणी समजावून सांगायला नको, आणि दिलेला शब्द लांबला की काय होतं, हेही. उद्या खाडीकाठच्या शेतकऱ्याकडे समुद्रासाठी जागा मागायची वेळ येईल. तेव्हा त्याचा मोबदला आधी चुकता व्हावा आणि मग बांध मोकळा व्हावा. कालवं काढणाऱ्या, चिंबोऱ्या पकडणाऱ्या बायामाणसांचा शब्दही त्यात धरला जावा. हा धडा आमच्या खोऱ्यानं फार मोठी किंमत मोजून शिकलेला आहे. तो खाडीच्या माणसांना पुन्हा मोजून शिकावा लागू नये.

श्रोतेहो, येत्या पावसाळ्यात पुन्हा आकडे ऐकाल: कोयनानगर इतके, नवजा इतके, महाबळेश्वर इतके. पाणी किती आलं, हे आपण रोज विचारतो. त्याबरोबर माती किती आली, कुठे अडली, खाडीतला चिखल या वर्षी किती मिलिमीटर वर आला, हेही मोजलं जावं आणि असंच रोजच्या बातम्यांत आपल्या कानावर पडावं. ज्या दिवशी घाटावरचा माणूस तो आकडा कान देऊन ऐकेल, त्या दिवशी खाडी आपली झाली असं मी समजेन.