विकासाचा आवाज आणि गावाची रात्र



सरनौबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार १६७४ साली धारातीर्थी पडले, ती ही नेसरीची भूमी. डोंगरखिंडींच्या या मुलुखात रात्री पाटाच्या पाण्याचा आवाजही कानी येतो. या शांततेची नोंद सात-बारावर नसते. म्हणूनच ती गेल्याची तक्रार उशिरा होते.

वीज, रस्ते, धरणे, साखर कारखान्यांतील सहवीजनिर्मिती ही सर्व कामे आवश्यकच आहेत. परंतु जनित्राची घरघर, खडीयंत्राचा खडखडाट, सुरुंगाचे स्फोट आणि वाफ सोडतानाचा कर्कश आवाज यांची किंमत शेजारच्या घरांना मोजावी लागते.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. उलट, मोकळ्या जागेत यंत्रापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. जागा ठरविताना हे अंतर राखणे सोपे असते. पाया भरल्यावर मात्र यंत्र हलवता येत नाही.

सातारा जिल्ह्यात वनकुसवडे व चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पवनचक्कीला धूर नाही, पण तिची पाती हवा कापताना आवाज करतात. रात्री जमिनीलगतचा वारा पडला तरी उंचावर तो वाहत असतो. भोवताल निःशब्द असल्याने तोच आवाज अधिक जाणवतो. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत पवनचक्की व राहते घर यांमध्ये ५०० मीटर अंतर सांगितले आहे, ते यासाठीच.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर घोषित शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० व ४० डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६.

याच रात्रीच्या तासांवरून मुंबईत मेट्रो-३ चा वाद न्यायालयात गेला. कफ परेड येथील रात्रीच्या कामास उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये मनाई केली. पुढे २०१८ मध्ये परवानगी दिली. आवाजाचा विचार आधी झाला नाही, तर रहिवाशांची झोपही जाते आणि कामाचा वेळही.

म्हणून एखादा प्रकल्प ग्रामसभेपुढे आला की चार प्रश्न विचारावेत. घरे व शाळा किती अंतरावर आहेत? जनित्राला ध्वनिरोधक आवरण आहे काय? रात्री कोणते काम चालेल? तक्रार कोणाकडे करावयाची? उत्तरे लेखी घ्यावीत, ठरावात नमूद करावीत आणि काम सुरू होण्यापूर्वीचा गावातील आवाज मोजून ठेवावा. पूर्वीची नोंद नसेल, तर नंतरची तक्रार सिद्ध करणे कठीण जाते.

विजेचा दिवा घरी यावा, आणि तो मालवल्यावर त्या घराला झोपही लागावी. या दोन्ही गोष्टींवर गावाचा सारखाच हक्क आहे.