आरोग्यधामाची खाट आणि कामगाराचा विसावा



वसंतात दवाखान्याची कथा सांगणे म्हणजे रसभंगच. पण आम्ही पडलो कामगार चळवळीतले. आमच्या लेखी आजारपण हा मजुरीचाच प्रश्न आहे.

सांगली-मिरजेच्या दरम्यान वानलेसवाडी आहे. १८९४ साली मिरजेचे मिशन रुग्णालय उभारणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावाची ही वाडी. येथे १९२० मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, सकस अन्न आणि महिनोन् महिने अंथरुणावर विसावा, हाच उपचार.

पुढे १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले. मग प्रश्न निघाला : औषध आहे, तर खाट कशाला? उत्तर आपल्याच देशात मिळाले. मद्रासेत १९५६ पासून गरीब रोग्यांचे दोन गट करून एकाला आरोग्यधामात, दुसऱ्याला घरी ठेवले. औषधे तीच, वर्षभर. घरच्यांचे अन्न कमी, विसावा कमी. तरी दोन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले, असे १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर जगभर अशा आरोग्यधामांचे दिवस भरले.

त्याबद्दल आम्ही गळा काढणार नाही. घरदार सोडून कोपऱ्यात पडण्यापेक्षा घरी बरे होणे केव्हाही चांगले. पण त्या खाटेवर औषध, अन्न आणि विसावा एकत्र मिळत. औषध घरी आले. बाकी दोन गोष्टी कोणी पोहोचवायच्या?

कोणी म्हणेल, मद्रासेने त्यांची गरजच नाही असे दाखवले. नाही! तेथे रोग्याने औषध नेमाने घ्यावे म्हणून माणसे घरी जात होती. आमचा फौंड्रीतला एक सोबती गोळ्या सुरू होऊन पंधरवडा झाला नाही तोच पुन्हा भट्टीपुढे उभा राहिला. आम्ही रागावलो. तो म्हणाला, “साहेब, गोळी फुकट आहे, चूल नाही.” भट्टीच्या कामात सिलिकेची धूळ छातीत जाते आणि क्षयाला वाट करून देते, हे त्यालाही ठाऊक होते.

अन्नाचे मोल आता सिद्ध झाले आहे. झारखंडातील प्रयोगात रोग्याबरोबर घरच्यांनाही शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातील नवा क्षय ३९ टक्क्यांनी घटला. हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सरकार २०१८ पासून रोग्याला महिना ५०० रुपये देऊ लागले, नोव्हेंबर २०२४ पासून १,०००. चांगले झाले, पण तेवढ्यात घर चालत नाही. राज्य विमा योजनेत क्षयी कामगाराला दोन वर्षांपर्यंत मजुरीच्या ८० टक्के भत्ता मिळू शकतो. मात्र त्यासाठी विम्यात नाव हवे, वर्गणी भरलेली हवी. कंत्राटदाराने ज्याचे नावच चढवले नाही, त्याने काय करावे? ऊसतोडणीच्या मजुराने कोणाकडे पाहावे?

म्हणून आमचे मागणे एवढेच : खाट मोडली, हरकत नाही, तिच्यावरचा विसावा मोडू नका. आजाऱ्याची मजुरी हाही औषधाचाच भाग धरा. आपल्या कारखान्यात, आपल्या गल्लीत कोणाचे नाव विम्यात नाही, एवढी चौकशी आपण उद्या केलीत, तरी आजचे बोलणे कारणी लागले असे आम्ही समजू.