डर्व्हला मर्फीची सायकल

आयर्लंडमधल्या लिस्मोर गावी 1941 साली एका मुलीला दहाव्या वाढदिवसाला दोन भेटी मिळाल्या. आईवडिलांनी जुनी सायकल दिली, आजोबांनी नकाशांचं पुस्तक. थोड्याच दिवसांत, गावाजवळचा एक चढ चढताना तिने ठरवून टाकलं : सायकलने हिंदुस्थानात जायचं. बोलली मात्र कुणालाच नाही. ही डर्व्हला मर्फी.

बेत तडीला जायला वीस वर्षांहून जास्त काळ गेला. आई संधिवाताने अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं करायला डर्व्हलाने चौदाव्या वर्षी शाळा सोडली. 1962 मध्ये आई गेली आणि पुढच्याच जानेवारीत, युरोप बर्फाने गारठलेला असताना, ती फ्रान्समधल्या डंकर्कहून एकटी निघाली.

याला आंधळं धाडस म्हणणाऱ्यांनी तिची तयारी पाहावी. सायकलचे गिअर तिने आधीच काढून टाकले होते. आशियातल्या खडकाळ रस्त्यांवर असली नाजूक यंत्रणा टिकणार नाही, हा तिचा हिशेब. सुटे टायर वाटेवरच्या शहरांत अगोदर रवाना केले. सोबत छोटं पिस्तूल घेतलं आणि ते चालवायलाही शिकून घेतलं. युगोस्लाव्हियाच्या जंगलात लांडगे अंगावर आले, तेव्हा त्यानेच ती वाचली.

अफगाणिस्तानात बसमध्ये रायफलचा दस्ता लागून तिच्या बरगड्या मोडल्या. तरीही त्या देशावर आणि तिथल्या माणसांवर तिचा जीव जडला. अनोळखी घरांत मिळालेला निवारा, भाकरी, चहा यांबद्दल ती भरभरून लिहिते, आणि मला वाटतं, तिच्या लेखनाचं खरं मोल तिथेच आहे.

पुढे उत्तर पाकिस्तानात सिंधूकाठच्या चिलासला तिला उन्हाने आडवं केलं. त्यातून सावरते न सावरते तोच समोर बाबूसर खिंड, सुमारे 4,170 मीटर, म्हणजे कळसूबाईच्या अडीच पट उंच! बर्फातून सायकल ढकलत, कधी उचलून घेत तिने ती ओलांडली आणि काघान खोऱ्यात उतरली.

जुलै 1963 मध्ये ती दिल्लीला पोहोचली. लगेच परतली मात्र नाही. धर्मशाळेला जाऊन तिबेटी निर्वासितांच्या मुलांची सेवा करू लागली.

प्रवासातल्या तिच्या रोजनिशीचं ‘फुल टिल्ट’ हे पुस्तक 1965 मध्ये निघालं. घाटात सायकल घालणाऱ्या आपल्या मुलामुलींनी, आणि त्यांना एकटं सोडायला कचरणाऱ्या आईवडिलांनीही, ते जरूर वाचावं.